पाळीचा वाद आणि कामावरून काढलेल्या कामगाराचे हक्क

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



कारखान्याच्या फलकावर लागणाऱ्या कागदांमध्ये पाळीपत्रक हा दिसायला सर्वांत निरुपद्रवी कागद होय. त्यात पगारकपात नसते, कोणाची बडतर्फी नसते, दंडाची भाषा नसते. अमुक खात्यातील अमुक कामगारांनी सोमवारपासून तिसऱ्या पाळीस यावे, एवढाच मजकूर असतो. परंतु ज्याच्या नावापुढे हा आकडा पडतो त्याच्या घरी त्याचा अर्थ वेगळा होतो. शेवटची बस चुकते, मुलांची शाळा आणि बापाची झोप यांची गाठ पडत नाही, आजारी आईला दवाखान्यात नेणारे कोणी उरत नाही. पगार तोच राहतो, पण त्या पगारात विकले गेलेले आयुष्य वाढते. म्हणूनच पाळीच्या प्रश्नावर शांत स्वभावाचा कामगारही एखाद्या दिवशी ‘नाही’ म्हणून जातो; आणि त्या एका शब्दावर त्याची पंधरा-वीस वर्षांची नोकरी जाते.

या ‘नाही’नंतर काय होते, कायदा कामगाराला काय देतो, काय देत नाही, आणि कायद्याने दिलेले पदरात पाडून घेण्यासाठी संघटनेने काय करावयास हवे, हा आजचा विषय आहे. कार्यकर्त्याला या प्रश्नाची गाठ बहुधा रात्री दहा वाजता, दारात उभ्या असलेल्या एका घाबरलेल्या माणसाच्या रूपाने पडते. त्या वेळी घोषणा उपयोगाची नसते; माहिती उपयोगाची असते.

वेळेवर मालकी कोणाची?

पाळीचा वाद हा मूलतः वेळेच्या मालकीचा वाद आहे, आणि या देशातील कामगार चळवळीचा आरंभच त्यातून झाला. मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो केवळ बालकामगारांपुरता होता. प्रौढ पुरुषांच्या तासांना त्याने हात लावला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याची सुटी आणि कामाच्या वेळेची मर्यादा या अग्रभागी होत्या. रविवारची सुटी गिरणीमालकांनी मान्य केली ती १८९० मध्ये. त्यानंतर १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे ६० तास ठरले, १९३४ च्या कायद्याने ५४, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना तयार झालेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ४८. साठ ते अठ्ठेचाळीस या बारा तासांच्या प्रवासाला चोवीस वर्षे लागली. मिळालेला प्रत्येक तास कोणी तरी नोकरी धोक्यात घालून मिळवलेला आहे, हे आठवड्याच्या सुटीला निसर्गनियम समजणाऱ्या पिढीने ध्यानात ठेवावयास हवे.

आज हा प्रवास उलट्या दिशेने चालला आहे. तामिळनाडूने २०२३ मध्ये बारा तासांच्या दिवसाला वाट करून देणारी दुरुस्ती विधानसभेत संमत केली. कामगार संघटनांच्या विरोधामुळे ती मागे घ्यावी लागली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दिवसाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती ही त्यातील अट आहे. ज्या कामगाराची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर चालते त्याच्या संमतीचे मोल किती, हे सांगावयास नको. दिवस लांबला की पाळ्यांची फेरमांडणी आली, फेरमांडणी आली की वाद आला, आणि वाद आला की पहिला बळी पडतो तो बोलणारा माणूस.

मालक पाळी बदलू शकतो काय?

कामगाराला कामावरून काढताना त्याच्यावर जो आरोप ठेवला जातो तो बहुधा ‘वरिष्ठांच्या आज्ञेचा हेतुपुरस्सर भंग’ हा असतो. आदर्श स्थायी आदेशांतील या कलमाचे शब्द कार्यकर्त्याने नीट वाचावेत. गैरवर्तन ठरतो तो ‘कायदेशीर आणि वाजवी’ आज्ञेचा भंग. कोणत्याही आज्ञेचा नव्हे. म्हणून पहिला प्रश्न कामगाराने काय केले हा नसून, मालकाला ती आज्ञा देण्याचा अधिकार होता काय, हा आहे.

औद्योगिक कलह कायदा, १९४७ याच्या कलम ९-अ प्रमाणे चौथ्या परिशिष्टातील बाबींत बदल करावयाचा असेल तर कामगारांना नोटीस द्यावी लागे आणि २१ दिवस थांबावे लागे. कामाचे तास व विश्रांतीचा काळ त्या परिशिष्टात होता, आणि स्थायी आदेशांना सोडून पाळी सुरू करणे, बदलणे वा बंद करणे हेही होते. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये असे ठरवले की, आठवड्याच्या सुटीचा रविवार बदलून दुसरा वार करणे हासुद्धा नोटिशीवाचून करता येण्याजोगा बदल नव्हे. दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आणि १९४७ चा कायदा रद्द झाला. तथापि बदलाच्या नोटिशीची आणि २१ दिवसांची तरतूद संहितेतही कायम आहे.

येथे एक गोष्ट स्वच्छपणे समजून घेतली पाहिजे. स्थायी आदेशांत किंवा नेमणूकपत्रात ‘कामगारास कोणत्याही पाळीत काम करावे लागेल’ असे लिहिलेले असेल, आणि पाळ्या क्रमाने फिरत असतील, तर नेहमीच्या फेऱ्याप्रमाणे आलेल्या रात्रपाळीला नकार देणाऱ्या कामगारामागे कायदा उभा राहणार नाही. याउलट, फिरती पाळी असलेल्या खात्यात एकाच माणसाला सलग तीन महिने रात्रपाळीत अडकवून ठेवले, आणि तो माणूस नुकताच युनियनचा सभासद झालेला असला, तर आज्ञा वरवर कायदेशीर दिसूनही ती वाजवी राहत नाही. तो सूड ठरतो. फरक कागदावर नसतो, हजेरीपटात असतो. म्हणून पाळीच्या वादात पहिला पुरावा म्हणजे त्या खात्याचे मागील वर्षभराचे पाळीपत्रक होय.

दोन बाबतींत तर ‘नाही’ म्हणण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिच्याप्रमाणे जादा काम कामगाराच्या संमतीनेच घेता येते; तसेच सायंकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वी स्त्री कामगाराला कामावर बोलवावयाचे तर तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. रिलीव्हर आला नाही म्हणून सलग दुसरी पाळी करण्यास नकार देणारा कामगार, किंवा रात्रपाळीस संमती न देणारी स्त्री, यांच्यावर आज्ञाभंगाचा आरोप ठेवला गेला तर त्या आरोपाखालची जमीनच नाहीशी झालेली असते. ही गोष्ट किती कामगारांना ठाऊक आहे, याची विचारणा प्रत्येक शाखेने आपल्या भागात करून पाहावी.

नकार देण्यापूर्वी

बेकायदेशीर बदलाला नकार देणे म्हणजे संप नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये नॉर्थब्रुक ज्यूट कंपनीच्या खटल्यात मानले आहे. वाद न्यायाधिकरणापुढे असतानाच कंपनीने कामवाढीची योजना लादली, कामगारांनी वाढीव काम नाकारले, कंपनीने टाळे ठोकले. न्यायालयाने कामगारांचा नकार समर्थनीय ठरवून त्यांचा पगाराचा हक्क मान्य केला. हा निर्णय मोलाचा आहे. परंतु त्याचा आधार कशात आहे ते पाहावे. वाद आधीच दाखल झालेला होता. वाद प्रलंबित असताना सेवाशर्ती बदलण्यास कायद्याचा मज्जाव होता, आणि कंपनीने तो मोडला होता.

यातून निघणारा धडा सरळ आहे. तोंडी नकार देण्यापूर्वी लेखी वाद उपस्थित करावा. बदलाला हरकत घेणारे पत्र व्यवस्थापनाला द्यावे, त्याची पोच घ्यावी, आणि समेट अधिकाऱ्याकडे प्रकरण दाखल करावे. एकदा समेटाची कारवाई सुरू झाली की त्या वादाशी संबंधित गैरवर्तनासाठी कामगाराला काढण्यापूर्वी मालकाला त्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. वादाशी संबंध नसलेल्या गैरवर्तनाचे निमित्त केले, तरी एक महिन्याचा पगार देऊन मंजुरीसाठी अर्ज करावा लागतो. अशी मंजुरी न घेता केलेली बडतर्फी आरंभापासूनच निरर्थक, म्हणजे कामगार जणू कधी काढलाच गेला नाही, असे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २००२ मध्ये ठरवले. मंजुरीची ही अट मुळात १९४७ च्या कायद्याच्या कलम ३३ मध्ये होती. नव्या संहितेनेही प्रलंबित काळातील हे संरक्षण ठेवले आहे. पाळीच्या वादात कामगाराजवळ याहून चांगली ढाल नाही, आणि ती हाती येण्यासाठी एका अर्जापलीकडे काही लागत नाही. तरीही बहुसंख्य प्रकरणांत अर्ज जातो तो बडतर्फीनंतर. म्हणजे ढाल येते ती वार झाल्यावर.

एक धोक्याची सूचनाही येथेच देणे अवश्य आहे. नव्या संहितेने सर्वच औद्योगिक आस्थापनांत संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली; पूर्वी नोटिशीचे हे बंधन सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरते होते. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तीही आता संप मानली जाते. समेटाची कारवाई चालू असताना संप करता येत नाही. तेव्हा अख्ख्या खात्याने रागाच्या भरात नवी पाळी नाकारली, तर बेकायदेशीर संपाचा आरोप येण्याची शक्यता आहे, हे पुढाऱ्याने गेट मीटिंगमध्ये स्पष्ट सांगावयास हवे. ते न सांगता टाळ्या घेणारा पुढारी कामगारांचा मित्र नव्हे.

काढून टाकण्याच्या तीन तऱ्हा

पाळीच्या वादानंतर कामगाराला घालवण्याच्या तीन तऱ्हा प्रचारात आहेत. प्रत्येकीवर उपाय निराळा आहे, म्हणून कोणती तऱ्हा वापरली गेली हे प्रथम ओळखावे.

पहिली तऱ्हा चौकशी करून बडतर्फीची. येथे आरोपपत्र, उत्तराची संधी, साक्षीदारांची उलटतपासणी, स्वतःचे साक्षीदार, सहकाऱ्याची मदत, चौकशीच्या कागदांच्या प्रती हे सारे नैसर्गिक न्यायाचे भाग आहेत. चौकशीच्या काळात निलंबन झाले तर पहिले ९० दिवस निम्मे वेतन आणि विलंब कामगारामुळे नसल्यास पुढे ७५ टक्के निर्वाहभत्ता मिळावयास हवा. चौकशी सामान्यतः निलंबनापासून ९० दिवसांत पुरी करावी, असे संहिता सांगते. १९५८ च्या इंडियन आयर्न अँड स्टील खटल्यापासून बराच काळ न्यायालये मालकाच्या चौकशीत मर्यादितच लक्ष घालीत. सूडबुद्धी, नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा निव्वळ निराधार निष्कर्ष असेल तरच. १९७१ च्या दुरुस्तीने कलम ११-अ आले आणि शिक्षा अपराधाच्या मानाने अवाजवी असेल तर ती कमी करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला मिळाला. फायरस्टोन टायर कंपनीच्या १९७३ च्या निकालाने या अधिकाराची व्याप्ती मान्य केली; मात्र चौकशी सदोष असली तरी मालकाला न्यायाधिकरणापुढे नव्याने पुरावा देता येतो, हेही त्याच निकालाने कायम ठेवले. याचा अर्थ, केवळ ‘चौकशीच झाली नाही’ एवढ्या मुद्द्यावर विसंबून राहू नये. दहा-बारा वर्षे निष्कलंक नोकरी केलेल्या माणसाने एक रात्र पाळी नाकारली म्हणून त्याला उपाशी मारणे ही शिक्षा प्रमाणाबाहेर आहे, हा युक्तिवाद भक्कम पुराव्यानिशी उभा करावा लागतो.

दुसरी तऱ्हा अधिक धूर्त आहे. कामगाराला फाटकावर अडवावयाचे, आत घ्यावयाचे नाही, आणि आठ-दहा दिवसांनी ‘आपण विनापरवानगी गैरहजर राहिलात, सबब आपण स्वतः नोकरी सोडली असे मानून आपले नाव पटावरून कमी केले आहे’ असे पत्र धाडावयाचे. स्थायी आदेशांत असे कलम असले तर ते चालते, असा निर्णय १९६४ मध्ये मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक कंपनीच्या खटल्यात झाला होता. तीन दशकांनी, १९९३ मध्ये, जे. एम. ए. इंडस्ट्रीजच्या खटल्यात चित्र पालटले. कामगाराचे म्हणणे होते की तो रोज फाटकावर येत होता आणि त्यालाच आत सोडले जात नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नोकरी हे उपजीविकेचे साधन आहे, उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि चौकशीवाचून, संधी दिल्यावाचून असे नाव कमी करणे न्याय्य नव्हे. कामगार पुन्हा कामावर गेला, निम्म्या मागील पगारासह. ज्याला फाटकावर अडवले आहे त्याने म्हणूनच घरी बसू नये. रोज पाळीच्या वेळी दोन सहकाऱ्यांसह फाटकावर जावे, आणि त्याच दिवशी ‘कामावर आलो, आत घेतले नाही’ असे पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. आठ दिवसांच्या आठ पावत्या पुढे आठ वर्षे उपयोगी पडतात.

तिसरी तऱ्हा ‘आपल्या सेवेची गरज उरली नाही’ अशा एका ओळीची. कारण द्यावयाचे नाही, आरोप ठेवावयाचा नाही. येथे नोकरकपातीचे नियम लागू होतात. वर्षात २४० दिवस काम भरलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाला १५ दिवसांचे सरासरी वेतन दिल्यावाचून कमी करता येत नाही. आठ वर्षांच्या नोकरीला १२० दिवसांचे वेतन आणि शिवाय नोटिशीचा महिना, असा हा हिशेब आहे. स्टेट बँकेच्या १९७६ च्या खटल्यात आणि पुढे १९९० मध्ये घटनापीठापुढे ‘कोणत्याही कारणास्तव’ केलेली सेवासमाप्ती म्हणजे नोकरकपात, असा व्यापक अर्थ मान्य झाला. पण १९८४ पासून मुदतबंद करार संपल्यामुळे गेलेली नोकरी या व्याख्येबाहेर ठेवण्यात आली, आणि नव्या संहितेने मुदतबंद नेमणुकीला राजमान्यता दिली. अकरा महिन्यांचे नेमणूकपत्र ही मालकाची सोय का आहे, याचे उत्तर येथे मिळते: पाळीला विरोध करणाऱ्याला काढावेच लागत नाही, त्याचे पत्र पुन्हा निघत नाही एवढेच.

मुदती, मागील पगार आणि हिशेब

कायद्यातील हक्क मुदतीच्या दोरीने बांधलेला असतो. १९६५ पूर्वी एकट्या कामगाराची बडतर्फी हा युनियनने हाती घेतल्यावाचून सामान्यतः औद्योगिक कलह होत नसे. त्या वर्षी आलेल्या कलम २-अ ने एकट्याला दार उघडले. तरीही प्रकरण न्यायालयात जाणे सरकारच्या शिफारशीवर अवलंबून होते. २०१० च्या दुरुस्तीने समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवसांनी थेट न्यायालयात जाण्याची सोय झाली, आणि बडतर्फीपासून तीन वर्षांची मुदत मिळाली. नव्या संहितेत वाद उत्पन्न झाल्यापासून दोन वर्षांनंतर समेटाची कारवाई होत नाही, आणि समेट फसल्यावर ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. महाराष्ट्राने १९७१ साली केलेल्या आणि १९७५ पासून अमलात आणलेल्या कायद्याने अनुचित कामगार प्रथांची यादी दिली. सूडबुद्धीने काढणे, गैरहजेरीचा बनावट आरोप ठेवणे, किरकोळ चुकीला धक्कादायक शिक्षा देणे या त्यात नावानिशी आहेत, आणि तक्रारीस ९० दिवसांची मुदत आहे. कोणत्या प्रकरणात कोणता मार्ग धरावा हे जाणत्या वकिलाला पहिल्याच आठवड्यात विचारावे. आणि मार्ग कोणताही असो, आपल्याजवळ ९० दिवसच आहेत असे समजून चालावे.

मागील पगाराविषयी १९७९ च्या हिंदुस्थान टिन वर्क्स खटल्यात न्यायालयाने म्हटले की, बडतर्फी बेकायदेशीर ठरली तर पूर्ण मागील पगार हा नेहमीचा नियम होय. व्यवहारात हा नियम पातळ होत गेला आहे. दिवसपगारी कामगारांना तर गेल्या दोन दशकांत पुनर्नेमणुकीऐवजी ठोक रक्कम देण्याकडे न्यायालयांचा कल वाढला. तथापि मधल्या काळात पोटासाठी दुसरीकडे मजुरी केली म्हणजे जुन्या नोकरीवरचा हक्क सोडला, असे होत नाही. त्या कमाईचा विचार मागील पगारापुरता होतो. पुनर्नेमणुकीच्या निकालाविरुद्ध मालक वरच्या न्यायालयात गेला तर तोवर शेवटच्या दराने पगार मिळण्याची तरतूद १९८२ च्या दुरुस्तीने आणली आणि संहितेने ठेवली आहे. ती मागावी लागते. न मागता कोणी देत नाही.

कामावरून काढल्यानंतर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे, असा वेतन संहितेचा नियम आहे. भविष्यनिर्वाह निधी बुडत नाही. केवळ पाळी नाकारल्यामुळे ग्रॅच्युइटीही जप्त करता येत नाही. त्यासाठी मालमत्तेचे नुकसान, दंगलखोर वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा अपराध यांसारखी कारणे लागतात. पण व्यवस्थापन ‘राजीनामा द्या, मग हिशेब घ्या’ म्हणते, आणि घरभाडे थकलेला कामगार सही करतो. त्या एका सहीने बडतर्फी नाहीशी होऊन ‘स्वेच्छेने नोकरी सोडली’ एवढेच उरते. पैसे घ्यावेच लागले तर ‘हक्क राखून, निषेधासह’ असे हस्ताक्षराने लिहून घ्यावेत. कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही करू नये, हे वाक्य प्रत्येक युनियनने आपल्या सभासदत्वाच्या पावतीवर छापले तरी पुष्कळ नोकऱ्या वाचतील.

ज्यांच्यापर्यंत कायदा पोचत नाही

वरील सारे हक्क ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांचे आहेत. दरमहा अठरा हजारांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक संहितेच्या व्याख्येबाहेर जातो. मग त्याचे अधिकार कागदापुरतेच का असेनात. स्थायी आदेशांचा कायदा मुळात शंभर कामगारांच्या आस्थापनांना, आणि महाराष्ट्रात पन्नासांच्या आस्थापनांना लागू होता. संहितेने ही मर्यादा तीनशेवर नेली. नोकरकपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादाही शंभरांवरून तीनशेवर गेली. औद्योगिक वसाहतींतील असंख्य लहान कारखाने अशा रीतीने कुंपणाबाहेर पडले. वीस वा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती असली पाहिजे, एवढे संहितेने दिले आहे. लहान आस्थापनांतील कार्यकर्त्यांनी निदान ती समिती अस्तित्वात आणण्याचा आग्रह धरावा, कारण पाळीची तक्रार लेखी नोंदवण्याची ती एक जागा आहे.

ठेका कामगाराचे दुखणे याहून खोल आहे. त्याची पाळी मुख्य कंपनीचा अधिकारी ठरवतो, पण त्याला काढतो ठेकेदार. आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. मोबाइलवरच्या हुकमावर माल पोचवणाऱ्या तरुणांना तर पाळी या शब्दाऐवजी ‘स्लॉट’ हा शब्द मिळाला आहे. गर्दीच्या वेळी स्लॉट नाकारला की आयडी बंद होते. आरोपपत्र नाही, चौकशी नाही, समोर माणूसच नाही. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना नाव दिले, पण काढून टाकण्याविरुद्ध संरक्षण दिले नाही. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात कारण देण्याचे आणि १४ दिवसांच्या पूर्वसूचनेचे बंधन घातले. महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा, ही मागणी चळवळीने आता लावून धरली पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८२ मध्ये केलेल्या १५८ व्या करारात योग्य कारणावाचून कोणालाही कामावरून काढू नये असे तत्त्व आहे. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

संघटनेचे काम

इतके कायदे सांगितल्यानंतर एक कटू गोष्ट उरते. न्यायालयात कामगार जिंकला तरी तो बहुधा उशिरा जिंकतो. आठ-दहा वर्षांनी निकाल येतो तेव्हा खाते बंद झालेले असते, नाहीतर माणूस निवृत्तीला आलेला असतो. मालकाला हे ठाऊक असते. त्याला खटला जिंकावयाचा नसतो. बाकीच्यांना दाखवण्यासाठी एक माणूस बाहेर ठेवावयाचा असतो. फाटकाबाहेर उभा असलेला तो माणूस म्हणजे आत काम करणाऱ्यांसाठी मालकाने लावलेली नोटीस होय. ती नोटीस निष्प्रभ करण्याचे काम न्यायाधीशाचे नाही, युनियनचे आहे.

यासाठी तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. पहिली, काढलेल्या कामगाराच्या घरची चूल चालू ठेवण्याची. महिन्याकाठी प्रत्येक सभासदाने वीस-पंचवीस रुपये बाजूला टाकले, तरी दोनशे सभासदांच्या युनियनला महिन्याला चार-पाच हजार रुपये एका कुटुंबाला देता येतात. ती रक्कम पगाराची जागा घेत नाही, परंतु राजीनाम्यावरची सही थांबवण्यास पुष्कळदा तेवढी पुरते. दुसरी, कागद सांभाळण्याची. पाळीपत्रकांच्या प्रती, पोचपावत्या, चौकशीचे कामकाज हे एकट्या वकिलाच्या कपाटात न ठेवता युनियनच्या कार्यालयात लावून ठेवावे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, करारात त्याला न विसरण्याची. पगारवाढीचा त्रैवार्षिक करार जवळ येतो, व्यवस्थापन चांगला आकडा देऊ करते, आणि ‘बडतर्फांचा प्रश्न कोर्टात आहे, तो तेथेच राहू द्या’ अशी अट हळूच घालते. त्या अटीवर सही करणारी युनियन पैसे मिळवते आणि उद्या पाळीविरुद्ध बोलणारा माणूस गमावते. कारण आतल्या प्रत्येकाने ती अट वाचलेली असते.

पाळ्या मुळात ठरवाव्यात कोणी, हा प्रश्न याच्याही पुढचा आहे. समाजवादी विचाराचा आग्रह असा आहे की, ज्याच्या झोपेची आणि संसाराची वाटणी पाळीपत्रक करते, त्याचे मत ते पत्रक करताना घेतले गेले पाहिजे. पाळ्यांचा क्रम, दोन पाळ्यांमधील विश्रांती, रात्रपाळीच्या सलग आठवड्यांची मर्यादा, स्त्रियांची आणि आजाऱ्यांची सोय यांविषयीची कलमे कराराच्या मागणीपत्रात पगाराच्या खालोखाल यावीत. सध्याच्या मागणीपत्रांत ती शेवटच्या पानावर येतात, आणि वाटाघाटीत पहिल्याच दिवशी सोडून दिली जातात.

पुढील महिनाभरात प्रत्येक शाखेने एवढे करावे. आपल्या भागात पाळीच्या वादावरून गेल्या दोन वर्षांत कोणाकोणाला कमी केले याची यादी करावी, ज्यांची मुदत उरली आहे त्यांचे अर्ज समेट अधिकाऱ्याकडे दाखल करावेत, आणि ज्यांना फाटकावर अडवलेले आहे त्यांच्यासोबत पाळीच्या वेळी निदान दोन माणसे उभी राहतील अशी व्यवस्था करावी.